अभ्यासिकेतले १४ संगणक: प्रकल्प नोंदी

जागा: दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली अभ्यासिका. काम: १४ संगणक विंडोजवरून मुक्त सॉफ्टवेअरवर नेणे आणि ते चालते ठेवणे. पुढे ज्याच्या हाती हे काम येईल त्याच्यासाठी या नोंदी.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट आजपासून बंद. खाते जोडून किंवा पैसे भरून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवता येते, म्हणजे हाच प्रश्न पुढच्या दिवाळीला पुन्हा उभा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. आपल्याकडची सर्वांत नवी चिप दुसऱ्या पिढीची आहे, त्यामुळे तो रस्ता नाहीच.

मोजदाद: दुसऱ्या पिढीचे आय-थ्री ९. त्यातल्या ८ मध्ये ४ जीबी रॅम. नवव्यात ८ जीबी, तो सर्व्हर होईल. पेंटियम ड्युअल-कोअर ३, प्रत्येकी २ जीबी. ॲटम एन२७० चिपचे छोटे नेटबुक २, प्रत्येकी १ जीबी.

३२ बिट विंडोज दिसले म्हणून चिपही ३२ बिट, असे धरू नये. तिन्ही पेंटियमवर ३२ बिट विंडोज होते. चिप ६४ बिटची निघाली. तपासायला डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीचा ३२ बिट इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून सुरू केला, आल्ट-एफ२ ने शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडली आणि प्रॉक फोल्डरातली सीपीयूइन्फो फाईल पाहिली. फ्लॅग्जच्या ओळीत ‘एलएम’ ही दोन अक्षरे असली की चिप ६४ बिट. दोन्ही ॲटमवर ती नाहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार

कोणते लिनक्स, यावर आजचा वेळ गेला.

मे २०२५ मध्ये आलेले रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० हे एक्स८६-६४ (६४ बिट इंटेल-एएमडी चिप) च्या व्ही३ पातळीसाठी बांधलेले आहे. त्याला एव्हीएक्स२ सूचनासंच लागतो आणि तो दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीत नाही. अल्मालिनक्स १० ने व्ही२ साठी वेगळी आवृत्ती ठेवली आहे. त्यावर आय-थ्री चालतील, पण पेंटियममध्ये एसएसई४ हा त्याहून जुना सूचनासंच देखील नाही, म्हणून ते व्ही२ च्याही खाली. उबंटू २४.०४ चालले असते. तिथे अडचण वेगळी: फायरफॉक्स स्नॅप या उबंटूच्या वेगळ्या गाठोड्याच्या रूपात येतो आणि आपण लावणार असलेला पॅकेज-कॅश (एकदा उतरवलेली पॅकेजे सगळ्या मशीनांसाठी साठवणारी सेवा) स्नॅप साठवत नाही. १२ मशीन म्हणजे तीच फाईल १२ वेळा उतरवायची. गावातल्या जोडणीवर ते परवडत नाही.

डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ ला आली. कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१२, आणि ६४ बिटची अगदी मूळ पातळीची चिपही तिला चालते. ३ वर्षे नेहमीचा आधार, पुढे २ वर्षे दीर्घकालीन. शिवाय डेबियन १२ पासून वायफाय आणि नेटवर्क कार्डांचे बंद फर्मवेअर (कार्ड चालवणारा, कोड न उघडलेला प्रोग्राम) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येते. त्याआधी रियलटेकच्या कार्डासाठी दुसरा पेनड्राइव्ह शोधत बसावे लागे. तत्त्वाला तडजोड झाली खरी, पण ज्याला एका रविवारात ४ मशीन उभी करायची आहेत त्याने या निर्णयाचे आभारच मानावेत.

एक मात्र गमावले. ट्रिक्सीत ३२ बिट इंटेलसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत. ३२ बिट पॅकेजे उरली ती ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती. ॲटमचे काय करायचे ते नंतर.

ठरले: आय-थ्रीवर डेबियन १३ आणि एक्सएफसीई ४.२०, पेंटियमवर डेबियन १३ आणि एलएक्सक्यूटी. दोन्ही हलके डेस्कटॉप.

२६ ऑक्टोबर, रविवार

‘उबंटूची सगळ्यात नवी का नको?’ असे विचारणाऱ्यांसाठी. ९ ऑक्टोबरला आलेल्या उबंटू २५.१० मध्ये मूलभूत कमांडचा जुना ग्नू संच काढून रस्ट भाषेत लिहिलेला नवा संच बसवला आहे. त्यातल्या ‘डेट’ कमांडला एखाद्या फाईलची वेळ विचारली की ती फाईलची न सांगता चालू घड्याळाची वेळ सांगत होती. आपोआप अपडेट शोधणारी स्क्रिप्ट याच उत्तरावर अवलंबून. तिला वाटायचे आत्ताच तपासले, आणि ती पुढे काही करायची नाही. दुरुस्ती लवकर आली, पण ती हाताने बसवावी लागली, कारण आपोआप अपडेटच बंद होते. रस्टला दोष नाही. नव्या संचातला तेवढा भाग अर्धवट होता. अभ्यासिकेला सहा महिन्यांच्या आवृत्त्या नकोत.

२ नोव्हेंबर, रविवार

सर्व्हर उभा केला. पत्ता १९२.१६८.१.१०. त्यावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’, हाच आपला पॅकेज-कॅश, पोर्ट ३१४२. इन्स्टॉलर प्रॉक्सी विचारतो तिथे हाच पत्ता एचटीटीपीने भरायचा. एचटीटीपीएस लिहिले की कॅश काही साठवत नाही. सर्व्हर, १६ पोर्टचा स्विच आणि राउटर एवढेच इन्व्हर्टरवर. मशीन सगळी थेट लाईनवर, त्याचा त्रास पुढे येणारच आहे.

विंडोजवरचा डेटा काढून घेतला. स्मार्ट या डिस्कच्या आरोग्य चाचणीत दोन डिस्कवर रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेल्या जागा) सापडले. त्या जागी २४० जीबीच्या एसएसडी.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिली ४ मशीन घेतली. क्रमांक १ आणि २ विनातक्रार. ३ आणि ४ मिररच्या (पॅकेजे उतरवण्याच्या) पायरीवर अडली: रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) वापरता येत नाही.

केबल बदलली, स्विचचे पोर्ट बदलले, कॅशची सेवा पुन्हा सुरू केली. तासभर वाया. शेवटी आल्ट-एफ४ दाबून इन्स्टॉलरची नोंदवही वाचली, जे सुरुवातीलाच करायला हवे होते. तिथे स्पष्ट लिहिले होते की रिलीज फाईल (साठ्याची सही केलेली यादी) अजून वैध झालेली नाही, वैध व्हायला सहा हजारांवर दिवस बाकी आहेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मीटरवर २.१ व्होल्ट, नवा ३ च्या वर दाखवतो.

एरवी इन्स्टॉलर नेटवरून वेळ घेतो. आज फायबर बंद होते, सर्व्हरला मोबाइलचे नेट आणि मशीनांना फक्त कॅश. पॅकेज कॅशमधून येते, वेळ येत नाही. म्हणून १ आणि २ चे घड्याळ मुळात बरोबर होते तेवढी सुटली.

उपाय असा. दारव्ह्यातून सीआर२०३२ चे १२ सेल आणून सगळ्या डेस्कटॉपमध्ये घातले. सेल बदलल्यावर बायोसमध्ये तारीख भरायची, आणि त्याच वेळी साटाची (डिस्क जोडणीची) पद्धत तपासायची, कारण सेल गेल्याने ती एएचसीआयवरून आयडीईवर परत गेलेली असते. सर्व्हरवर ‘क्रोनी’ बसवून आतल्या जाळ्याला वेळ देण्याची मुभा दिली. मशीनांवर सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी प्रणाली) च्या टाइमसिंकला सर्व्हरचा पत्ता. आता बाहेरचे नेट नसले तरी सगळ्यांची घड्याळे जुळतात.

९ नोव्हेंबर, रविवार

उरलेली ७ झाली. क्रमांक ७ इन्स्टॉल होताना दोनदा आपोआप बंद पडले. उघडले तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाच्या तंतूचा नमद्यासारखा थर. जिनिंग हाकेच्या अंतरावर आणि हंगाम सुरू, दुसरे काय होणार. ब्लोअरने हा थर निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. पंखा सोडवून चिमट्याने थर अखंड ओढून काढला, जुनी पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. रिकाम्या बसल्या मशीनचे तापमान ७१ वरून ४८ अंशांवर आले. बाकीच्याही पेट्या उघडल्या. त्यातल्या ५ पेट्यांत हीच अवस्था. खिडकीला बारीक जाळी लावायची आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल डेबियन १३.२ आली. अपडेट सगळ्यांवर एकदम सोडले, ही चूक. डीपीवरचा फ्यूज गेला आणि लाईन गेली तेव्हा ३ मशीन मध्यावर होती. दोन सुरू झाली. त्यांच्यावर डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला ‘कॉन्फिगर’ पर्याय ‘ए’ सह दिला, अर्धवट पॅकेजे मार्गी लागली. क्रमांक ५ कर्नल पॅनिकवर थांबले, मूळ फाईलसिस्टम सापडत नाही म्हणून. नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाईल (सुरू होताना डिस्क शोधून देणारी) शून्य बाइटची होती. ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला, आत गेल्यावर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ने फाईल नव्याने बांधली.

यापुढे: अपडेट आपोआप फक्त उतरतील, बसवणे हाताने, एका वेळी ३ मशीनवर. आणि जागा करायची म्हणून जुना कर्नल कोणीही काढू नये. आज तोच कामी आला.

नेटबुकचा निर्णयही आजच. फायरफॉक्स १४५ गेल्या मंगळवारी आला आणि त्यात ३२ बिट लिनक्सचा आधार नाही, १४४ शेवटचा. ईएसआर १४० (फायरफॉक्सची दीर्घ आधाराची आवृत्ती) मात्र २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत तरी ३२ बिटवर अपडेट होत राहील, असे मोझिलाने सांगितले आहे. डेबियन १२ ची नेहमीची सुरक्षा जून २०२६ पर्यंत. म्हणजे नेटवर ही दोन्ही मशीन फार तर वर्षभराची पाहुणी. दोन्हींवर डेबियन १२ ची ३२ बिट, नेट बंद, फक्त मराठी टंकलेखनाचा सराव. १ जीबी रॅममध्ये तेवढे व्यवस्थित होते.

३० नोव्हेंबर, रविवार

मराठी कळफलक. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडणीखाली मराठी इनस्क्रिप्ट आहे, आणि उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी मराठी कागप. दोन्ही ठेवल्या, मांडणी बदलायला उजवा आल्ट.

खरा गुंता जुन्या कागदपत्रांत. ग्रामपंचायतीच्या आणि अभ्यासिकेच्या जुन्या फाईल क्रुतीदेवमध्ये आहेत. तो फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसवतो, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची रास दिसते. युनिकोडमध्ये नेताना अक्षर बदलणे सोपे, क्रम बदलणे अवघड. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा: ‘कर्ज’ जुन्यात क, ज, मग रफार, युनिकोडमध्ये क, र, हलंत, ज. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले, उदाहरणार्थ ‘आर्थिक’, की रूपांतर करणारी साधने चुकतात. म्हणून प्रत्येक फाईल बदलल्यावर ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘निर्मिती’ हे तीन शब्द शोधून पाहायचे. तिन्ही नीट असतील तर बाकी बहुधा नीट.

दुसरी भानगड पुस्तकांच्या यादीत दिसली. ‘ॲड.’ शोधले तर ३ नोंदी, प्रत्यक्षात १९. पडद्यावर सगळे सारखेच दिसते. पण काहींनी ॲ हे एकच अक्षर टाकले आहे, काहींनी अ वर वेगळा चंद्र दिला आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये आले. त्याआधीच्या सवयी अजून बोटांत आहेत. संगणकाला ‘ॲ’ आणि ‘अॅ’ हे दोन वेगळे मजकूर, आणि युनिकोडचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. लिब्रेऑफिसमध्ये शोधा-बदला करून सगळीकडे एकच अक्षर केले. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांतल्या ऱ्य चीही हीच गत: कुठे ऱ, कुठे र ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडक. तीही एकसारखी केली.

या आठवड्यात केडीईने जाहीर केले की त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपचे सत्र ६.८ पासून फक्त वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवण्याची नवी पद्धत) चालेल. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपने सप्टेंबरमधल्या ४९ मध्येच एक्स११ (जुन्या पद्धतीचे) सत्र बंद अवस्थेत ठेवले आहे. आपण वर्गातले पडदे एका जागेवरून पाहायला ‘एपॉप्टेस’ वापरतो, ते एक्स११ वरच पडदा दाखवते. एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँड अजून प्रायोगिक आणि एक्स११ नेहमीचे, त्यामुळे ट्रिक्सी आहे तोवर चिंता नाही. पुढच्या डेबियनला मात्र हे आधी तपासावे लागेल.

१४ डिसेंबर, रविवार

जुन्या पुस्तकांचे स्कॅनिंग पेंटियम क्रमांक ११ वर. स्कॅन करणाऱ्या मुलाची तक्रार: ‘दादा, नऊ पानं झाली अन् दहावं घेतच नाही ना हे!’ डिस्क पाहिली तर ६० जीबी रिकामी.

डेबियन १३ मध्ये तात्पुरत्या फाईलींचा टीएमपी फोल्डर डिस्कवर नसतो, रॅममध्ये असतो, आणि रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढतो. हिशेब: ए४ पान, ६०० डीपीआय, रंगीत, म्हणजे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, प्रत्येकी ३ बाइट. एक पान सुमारे १०४ एमबी. २ जीबीतून ग्राफिक्सचा वाटा जाऊन टीएमपीच्या वाट्याला साडेनऊशे एमबी. नऊ पाने मावतात, दहावे नाही. ‘जीस्कॅनटूपीडीएफ’ पीडीएफ बनेपर्यंत कच्ची पाने तिथेच ठेवते. ४ जीबीच्या मशीनवर हे लक्षातच आले नसते. अठरा-एकोणीस पानांनंतर आले असते, आणि मग कारण शोधणे जास्त जड गेले असते.

उपाय दोन. प्रोग्रामच्या पसंतींमध्ये तात्पुरता फोल्डर घरच्या फोल्डरात द्यायचा. किंवा सिस्टमसीटीएलने ‘टीएमपी.माउंट’ मास्क (बंद) करून मशीन पुन्हा सुरू करायचे, की टीएमपी परत डिस्कवर. ११ वर दुसरा केला, बाकी मशीनांवर बदल नाही. शिवाय मजकुराच्या पानांना ३०० डीपीआय करडा पुरे. पान ९ एमबीच्या आत येते. ६०० रंगीत कोणी आणि का निवडले हा वेगळा प्रश्न.

याच बदलासोबत आणखी एक आहे. नव्याने बसवलेल्या ट्रिक्सीत टीएमपीतली १० दिवसांपेक्षा जुनी आणि व्हार-टीएमपीतली ३० दिवसांपेक्षा जुनी फाईल आपोआप पुसली जाते. मशीन बंद केले की टीएमपी तर तसाही रिकामा. ‘इथे ठेवून देतो, नंतर घेतो’ ही सवय असणाऱ्यांना सांगितले. दोन्ही गोष्टी डेबियनच्या प्रकाशन टिपणात लिहिलेल्या आहेत. आपण ते टिपण इन्स्टॉल झाल्यावर वाचले.

२१ डिसेंबर, रविवार

तालुक्याहून दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून सर्व्हरवर एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरून कमांड देण्याची सोय). पासवर्डने प्रवेश बंद, फक्त किल्ली. मशीनांवर एसएसएच फक्त आतल्या जाळ्यात.

बैठकीत प्रश्न आला: सगळ्यांना उघडा असलेला कोड सुरक्षित कसा? उत्तर म्हणून एक्सझेडचे प्रकरण सांगितले, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. एक्सझेड हे फाईल आवळणारे साधन. अनेक वर्षे एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया तान’ नावाने कोणी तरी दोन-अडीच वर्षे मदत करत विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घातला. तो वाचता येईल अशा कोडमध्ये नव्हता. चाचणीसाठीच्या बायनरी फाईलींत लपवला होता, आणि त्या उलगडणारी ओळ फक्त प्रकाशनाच्या गाठोड्यात होती, गिटमध्ये (सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत) नाही. एसएसएच स्वतः एक्सझेड वापरत नाही. डेबियनसारख्यांनी सिस्टमडीला निरोप देण्यासाठी एक लायब्ररी जोडली होती, तिच्यामागून एक्सझेड आत येत होते.

२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाने ते उघड केले. एसएसएच प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलेच नव्हते. चाचणीच्या शाखेत होते. आपण स्थिर शाखेवर का, याचेही उत्तर यातच आहे. ट्रिक्सीतले एक्सझेड ५.८.१.

११ जानेवारी २०२६, रविवार

काल आलेली १३.३ बसवली. तीन-तीन मशीन, चार फेऱ्या, दोन तास. कॅशमुळे बाहेरून एकदाच उतरली. लाईन मध्ये एकदा गेली, तेव्हा बसवणे सुरू नव्हते. खिडकीला जाळी लागली.

८ फेब्रुवारी, रविवार

सर्व मशीनांवर ‘ॲप्ट अपडेट’ एका रेपोवर (रिपॉझिटरीवर) चूक देते. डेबियनच्या रेपो ठीक. चूक येते ती व्हिडिओ तासांसाठी जोडलेल्या एका खासगी ॲपच्या रेपोवर: १ फेब्रुवारी २०२६ पासून एसएचए१ (सहीसाठी फाईलचा ठसा काढण्याची जुनी पद्धत) सुरक्षित मानले जात नाही, म्हणून सही नाकारली.

आधी वाटले घड्याळ पुन्हा बिघडले. उलट आहे, घड्याळ बरोबर आहे म्हणूनच ही चूक आली. ट्रिक्सीतले ॲप्ट ३.० सह्या तपासायला जुन्या जीपीजीव्हीऐवजी सेक्वोया वापरते, आणि तिच्या धोरणात ही तारीख आधीच लिहिलेली होती. एसएचए१ ची पहिली खरी टक्कर (दोन वेगळ्या फाईलींचा ठसा एकच) फेब्रुवारी २०१७ मध्ये दाखवली गेली. नऊ वर्षांची सवलत कमी नव्हे. त्या कंपनीच्या किल्लीवरची स्वतःचीच सही एसएचए१ ने केलेली आहे. नोव्हेंबरपासून ‘वर्षभरात ही सही नाकारली जाईल’ अशी सूचना दर वेळी येत होती. शेवटी पिवळ्या अक्षरांत येते, आणि ती आपण कोणी वाचली नाही.

धोरणाची फाईल कॉपी करून तारीख पुढे ढकलता येते. केले नाही: ती सूट एका रेपोपुरती राहत नाही, सगळ्यांनाच लागू होते. रेपो काढून टाकली, ॲप काढले, तास ब्राउझरमधून घेतले. फायरफॉक्समध्ये कॅमेरा-माइकची परवानगी एकदा द्यावी लागली, एवढेच. कंपनीला किल्ली पुन्हा सही करून देण्याबद्दल लिहिले आहे.

उरलेली कामे: क्रमांक ९ ची डिस्क, नव्या स्मार्ट चाचणीत १२ रीअलोकेटेड सेक्टर, बदलायची. नेटबुकचा निर्णय जूनच्या आत पुन्हा. एप्रिलमध्ये जिनिंग थांबले की सगळ्या पेट्या उघडून हीटसिंक साफ, मे महिन्याच्या उन्हाआधी.